एक किलो साखर

वाळूजला रात्री वारा फिरला की
कारखान्यांकडून शिजत्या जवाचा वास येतो,
ओल्या पोत्याचा, थोडा भाजल्या भाकरीचा.
सतरा वर्षं मी बाटल्यांना लेबलं लावली.
आत काय आहे ते
लेबलावर वाचलं.

यंदा बजाजनगरच्या दोन खोल्यांत
वीस लिटरचा पाण्याचा जार घेतला,
झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी खोचली,
दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात.
माल्टचा अर्क डब्यातून काकवीसारखा ओघळला.
डब्यावर लिहिलेलं: एक किलो साखर घाला.
घातली.
साखरेला काय, ती काही विचारत नाही.
दोनदा ढवळलं की नव्हतीच जणू.

तिसऱ्या रात्री ग्लासात बुडुक, बुडुक.
शकू उठून बसली : नळ आला का हो?
आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो,
दोघंही अंधारात हंडे शोधत होतो.

महिन्यानं पहिली बाटली इलियासभाईंकडे नेली.
ब्रूहाऊसमधून रिटायर झालेले,
मनगटावर वाफेचा जुना डाग.
तीस वर्षं रोज चाखलं,
गिळलं एकदाही नाही.
ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला.
फेस आला, आणि घाईतल्या पाव्हण्यासारखा
चहाआधीच उठून गेला.
घोट तोंडात फिरवला, मोरीत थुंकला.
"चढंल," म्हणाले. "पण मियाँ,
हिला अंगच नाही. नुसती उंची."

साखर वाईट का, मी विचारलं.

"वाईट कामून असंल?
यीस्टला ती लग्नाची पंगत.
सगळं खातं, पत्रावळ चाटतं, मोकळं.
माल्टात काही असं असतं
जे त्याला पचत नाही. ते मागं राहतं.
मागं राहतं ना, तीच बियर."

मोंढ्यात पाच किलो जव मागितला.
दुकानदार म्हणाला, पूजेला का शुगरला?
दोन्हीला, म्हणालो.

रात्रभर भिजवला, गोणपाटात बांधला.
शकूनं गाठ सोडून पाहिली आणि हसली :
अहो, हे तर सत्त्वाचंच!
सहाव्या महिन्यात रेवतीला काय भरवलं होतं मग?
तिच्या माहेरी, सेलूकडं, गहू असाच
मोड आणून, वाळवून, दळून ठेवतात.
त्यानंतर माझं कुणी ऐकलं नाही.
तीच शिंपडायची, तीच खालचा दाणा वर करायची.
मोड दाण्याएवढा झाला की थांबायचं, म्हणाली,
पुढं गेला तर दाणा स्वतःलाच खातो.

गच्चीवर वाळवला, चोळून मोड झाडले,
गिरणीत सांगितलं, भरड काढा.
जनावराला का?
हो, म्हणालो. खोटं एवढंच बोललो.

पासष्ट डिग्रीच्या पाण्यात भरड,
पातेलं गोधडीत गुंडाळून पलंगाखाली, तासभर.
झाकण काढलं तर पिठूळ पाणी
तांबूस, आणि गोड.
शकूनं पळीनं चाखलं, पुन्हा चाखलं,
साखरेचा डबा उघडून पाहिला.
डबा भरलेला होता.

आता खोटं कशाला, दुसरी खेपही काही अमृत नव्हती.
टरफलांची तुरट चव उतरली,
हॉप्स जास्त पडले,
एक बाटली भर दुपारी फुटली
आणि शेजारच्या सुरवसेंनी सिलिंडर समजून आरडाओरडा केला.

बाटल्या भरताना प्रत्येकीत
अर्धा चमचा साखर टाकली होती मी.
शकू म्हणाली, आता ही कशाला?
फेसाला, म्हणालो. तेवढी लागते.
तेवढी असू दे, म्हणाली.

इलियासभाईंनी ग्लास पुन्हा उजेडात धरला.
गढूळ. फेस मात्र बसून राहिला.
घोट घेतला, डोळे मिटले.
"करपट हाय. पुढच्या वेळी आच कमी."
हे ते नंतर बोलले.
आधी बराच वेळ
मोरीपाशी उभे होते, तोंड मिटून.