पहिली नोंद

पहाटे चार पन्नास. धायरी फाटा.
फोन उशीखाली गुरगुरतो: कनेक्शन टाइमआउट.
सलग नववा दिवस.
गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसते, अंगावर शाल,
समोर सिंहगडाच्या मनोऱ्याचा लाल दिवा
उघडतो, मिटतो.

तीन नोड. मुंबईत कुठेतरी, तीन वेगळ्या इमारतींत,
मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.
पिंग केलं की तिघंही ओ देतात,
शाळेत हजेरीला द्यावी तशी, चटकन.
पोर्ट उघडं. सर्टिफिकेट ताजं. डिस्क अर्धी रिकामी.
एकमेकांची खबरबात तिघांनाही आहे.
मग नेमकं कोण गप्प आहे?

नकार मिळाला असता तर निभलं असतं.
नकार म्हणजे दाराशी कुणीतरी आहे;
आमच्या पुण्यात तर तो पाटीवर रंगवून लावतात,
वाचावा, आल्या पावली परतावं.
इथे कडी वाजवली तरी आवाजच होत नाही.
तीस सेकंद उभं राहायचं
आणि मग आपलं आपण समजून घ्यायचं.

तांबोळी म्हणाला, मुदत वाढव. तिसाचे साठ केले.
मग साठ सेकंद उभी राहिले.
मंगळवारी पूल मोठा केला, बुधवारी दुसरा नोड बदलला,
गुरुवारी खराडीच्या ऑफिसात मीटिंग,
फळ्यावर बाणच बाण,
आणि साहेबांचा प्रश्न, "नेटवर्कचं असेल का?"
असेल.
सर्दीला हवेचं म्हणतात, तसं असेल.

खरं सांगितलं ते सुलभा थिटेनं.
पाबळच्या दूध संकलन केंद्रावर काटा तिच्याकडे.
वैतागून तिनं थेट माझाच नंबर मिळवला.
"मॅडम, सगळ्यांचं नाही अडकत.
पहिल्याचंच अडकतं.
गेनभाऊंची किटली काट्यावर, अन् पडद्यावर नुसतं गोल गोल.
मागच्याचं मग सुरळीत.
म्हातारा आता मुद्दाम मागं थांबतो,
पहिलं कुणी यायचं यावरून भांडणं लागलीत."

पहिल्याचंच.
म्हणजे रात्रभर कुणी कुणाशी काही बोललेलं नसतं, तेव्हा.

मग सापडलं. मधल्या वाटेवर एक दरवान,
साडेतीनशे सेकंद कुणी गेलं-आलं नाही
की हातातली दोरी सोडून देतो. सांगत नाही,
ना या टोकाला, ना त्या.
आणि आमचं यंत्र, मुळातल्या सवयीनं,
दोन तासांनी एकदा विचारतं: आहेस का?
उरलेला एक तास चौपन्न मिनिटं
मधेच सुटलेली दोरी
दोन्ही टोकांनी घट्ट धरलेली.

सात हजार दोनशेचे साठ केले. एक ओळ.
नऊ दिवसांची माझी एवढीच कमाई.
आता दर मिनिटाला एक रिकामं पाकीट जातं,
पलीकडून तसंच रिकामं येतं.
तांबोळी म्हणाला, फुकटची ये-जा.
मी त्याच्याशी वाद घातला नाही, झोप आली होती.

दहाव्या दिवशी पाच वाजता सुलभाचा मिस्ड कॉल.
अकराव्या दिवशीही. एक रिंग, कट.
मी उलट फोन करत नाही,
कूस बदलते.

परवा आला नाही.
सव्वापाचला लॅपटॉप उघडला. सगळं हिरवं.
गेनभाऊंची नोंद पहिलीच,
सहा लिटर चारशे, चाळीस मिलिसेकंदांत.
तरी फोन लावला.
बऱ्याच रिंगा झाल्यावर ती धापा टाकत म्हणाली,
"म्हैस व्यायली ओ रात्री, हात चिकाचे आहेत,
पुतण्या बसलाय काट्यावर.
का हो, तिकडं काही बिघडलं का?"