पाकिटावर

ती आली तेव्हा दुकानात कोणी नव्हतं,
तरी आधी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या.
मग पट्टी. मग सुटे नाहीत म्हणून पाचाचं चॉकलेट.
मी थांबले.
सतरा वर्षं काउंटरमागे उभं राहिलं की कळतं,
माणूस ज्यासाठी येतो ते सगळ्यात शेवटी मागतो,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

"ते... पोट साफ व्हायचं काहीतरी.
जोरदार द्या."

पांढरा शर्ट, काखेत मिठाची नक्षी,
छातीवर पाटी: व. ना. खिलारे.
गांधीनगरच्या चौकातली शिट्टी हिची.
रोज ऐकते, चेहरा आज पाहिला.

किती दिवस? पाच.
उलटी? नाही. रक्त? नाही. कळा येतात? पोट फुगलंय?
"नाही हो, नुसतं जड.
आत कुणी नाकाबंदी लावल्यासारखं."
आणखी कसल्या गोळ्या?
"त्या शिबिरातल्या, लोहाच्या. रक्त आठ निघालं."
तिथे गाठ आहे, म्हटलं.
पण मनाने बंद करू नका,
ज्यांनी दिल्या त्यांना विचारा.

जोरदार नको.
जोरदार म्हणजे बंद पडलेली गाडी मागून ठोकणं.
ही गोळी ढकलत नाही, फक्त मऊ करते.
आज घेतली की उद्या सकाळीच, असंही नाही,
दोन दिवस लागतील, कधी तीन.
घाईने दुप्पट घ्यायची नाही.
"सासूबाई पॅराफिनची बाटली देतात..."
ती आणि ही एकत्र नाही. अजिबात नाही.
आठवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टर.
रक्त दिसलं, पोट दुखून उलटी झाली, तर त्याच दिवशी.

पाकिटावर लिहायला घेतलं:
रात्री एक. पेलाभर पाण्यासोबत.
दिवसभर भरपूर पाणी

ती हसली. दुकानात पहिल्यांदाच.
"पाणी? मॅडम, सातला निघताना दोन घोट.
मग तीनपर्यंत कोरडं.
बरोबरचे शिपाई पत्र्याच्या आडोशाला जातात.
मी कुठे जाऊ?
बाटली आहे, ती चूळ भरायला."

पेन तसंच राहिलं.
माझ्या काउंटरखालीही एक बाटली आहे,
सकाळी भरलेली. रात्री घरी नेऊन
खिडकीतल्या कुंड्यांना घालते.
दुकानाला मोरी नाही.
भानुशाली शेठ म्हणतात, हॉटेलात जा.
हॉटेलवाला म्हणतो, आधी काहीतरी घ्या.
सतरा वर्षं मी 'भरपूर पाणी' लिहिते आहे,
पत्रिकेवर 'अगत्य येण्याचे करावे' लिहितात तसं.
ज्याने हे वाक्य पहिल्यांदा छापलं
त्याच्या घरी आतून कडी लागणारं दार असणार.

वर दातांचा दवाखाना आहे.
तिथल्या कंपाउंडरला मी कापूस फुकट देते,
म्हणून मला किल्ली मिळते. दिवसातून एकदा.
हे तिला लगेच सांगितलं नाही.
एकीची किल्ली दोघींत गेली तर हातची जाईल,
असं मनात आलं. आलंच.
चॉकलेट परत घेतलं, सुटे शोधले, दिले.
मग ती पायरी उतरताना हाक मारली
आणि पाकिटावर, भरपूर पाणी याच्याखाली,
अक्षर जरा लहान काढून लिहिलं:
पहिला मजला. माझं नाव सांगा.

चौथ्या दिवशी आली तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती.
"झालं!" दारातूनच म्हणाली,
सिग्नल सुटल्याचं सांगावं तशी.
उरलेल्या गोळ्या विचारल्या तिने.
ठेवा, म्हटलं. त्या रोजच्या नाहीत.
रोजचं ते दुसरं.

कंपाउंडर आता किल्ली
जिन्यातल्या खिळ्यावरच टांगून ठेवतो.
वर्दीला कोण नाही म्हणणार?
कापूस मात्र नेतो अजून.

त्या रात्री कुंड्यांना
नळाचं पाणी घालावं लागलं.
बाटलीत काही उरलंच नव्हतं.