बादली

वडगावात लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात
आणि कान दुखायला लागतात,
तसा अकरा दिवस होता परशु.
तिसऱ्या गेटजवळ टेम्पोनं उडवलेला,
डोक्याला पांढरं फडकं,
शाळेचा एक बूट अजून पोलिसांकडं.

बाराव्या दिवशी तोंडातनं आली ती शिवी.
अख्खा वॉर्ड हसला.
ह्याच्या बापानं कुंदा वाटला.

मग कळालं, आत सगळं सांडलंय.
एक ते वीस धडाधडा म्हणतोय,
खरं सात बोटं दाखवली
की परत एकपासनं सुरू करतो
आणि सातावर थांबायचं विसरतो.
चमच्याला भिंत म्हणतो.
छत्रीचं चित्र बघून हात डोक्यावर धरतो,
ओठ हलतात, रडतो,
'ते गा, ते. पावसाचं.'
कळतंय हो त्याला सगळं. तेच तर.

हिरेमठ मॅडम धारवाडच्या.
त्यांचं मराठी मोडकं, माझं कन्नड मोडकं,
मधे कार्डं मांडून परशु.
मराठीत अडला की त्या हळूच कन्नडात विचारतात.
'नीरु' आलं. 'साकु' आलं.
गल्लीत गोट्या खेळताना लागलेलं,
कुणी शिकवलेलं नव्हे.
'पाणी' नाही आलं.

मराठीतनं कागद द्या म्हणून
कचेरीत भांडून आलेला माणूस हा.
रात्री म्हणाला, 'आपलं आधी यायला नको काय?'
मी कांडी बदलली.

एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधून
सायकल फेरीला निघाला.
दारात परशुनं फीत धरली,
बोटांत चोळली. ओठ हलायला लागले.
मी मनात म्हणालेय, काळी, काळी, का
'कप्पु.'
आणि बापाकडं बघत राहिला, बरोबर काय म्हणून.
बाहेरनं माणसं हाका मारालीत.
हा सायकल भिंतीला लावून खाली बसला.
'होय,' म्हणाला. 'कप्पु.'
जरा वेळानं, 'काळं.'
'कप्पु,' परशु म्हणाला.
'बरं.'

फेरीला गेला. उशिरानं, खरं गेला.

आता पाणी आलंय. 'पान्नी' म्हणतोय.
मास्तर विचारतात, शाळेला कधी पाठवता?
मला अजून बादली म्हणतोय.
आई म्हणायला तोंड उघडतो
आणि बादली बाहेर येते,
त्याला कळतं, कपाळावर मारून घेतो
बरोबर टाके घातले होते तिथंच.
मारू नको रे.
म्हण बा, बादली.
खटका बंद करून उठतेच की मी.