आधीची ओळ

गोज्जामच्या डोंगरावर आमची शाळा म्हणजे
एक गवती खोपटं
आणि येनेता ग्वांगुलांचा आवाज.
गीझमधली एक ओळ ते म्हणत,
मग अम्हारिकमध्ये तिचे अर्थ सोडत जात,
ओंजळीतून एकेक मासा पाण्यात सोडावा तसे:
एक असं म्हणतात.
आणखी एक असं म्हणतात.
कोणता खरा, विचारलं की उत्तर ठरलेलं,
आधी सगळे पाठ कर. भांडण नंतर.

त्या दिवशी मिठाचा व्यापारी दमिस्से वर आला.
खेचरावर मधाचा बुधला,
तोंडी देवळाच्या नव्या छपराची भाषा.
बसला. घाम पुसला.
"ते सुईच्या नेढ्यातून उंट,
एवढं अवघड कशाला हो लिहिलंय?"

मीच पुढे सरसावलो, तोंडात तयारच होतं.
"एक म्हणतात, तो उंट नव्हेच, दोर.
गमेल म्हणजे उंट, गमेद म्हणजे दोर,
नकलणाऱ्याचा हात एका अक्षराला घसरला."
दमिस्सेचा चेहरा उजळला.
दोराचा पीळ सोडवता येतो.
धाग्याधाग्याने जाईलही पलीकडे.

येनेता मेंढीच्या कातड्याचा आपला अंगरखा शिवत होते.
मान वर न करता म्हणाले,
"यिर्साव, आधीची ओळ?"
"एक तरुण खिन्न होऊन निघून गेला."
"का?"
"पुष्कळ होतं त्याच्याकडे."
"आणि त्याच्याही आधी?"
"विकून टाक, म्हटलं होतं त्याला."
"मग उंट काय नि दोर काय,
त्या पोराला काय फरक पडला?"

दमिस्से बराच वेळ खेचराच्या कानांकडे बघत राहिला.
मध ठेवून उतरला.
छपराचं काही बोलला नाही.

मला हसू आलं.
येनेतांनी सुई माझ्या हातात दिली, दोरा दिला.
"ओव. मला दिसत नाही आता."
ऊन डोंगरामागे गेलेलं.
थुंकी लावून टोक वळलं,
एकदा चुकलं, दोनदा, तिसऱ्यांदा.

"ती ओळ तू त्याच्यासाठी वाचलीस.
तुझ्याकडे काय आहे?"
काही नाही, म्हटलं. माधुकरीची झोळी.
कुत्र्यांसाठी काठी.
"आणि?"

खाली गावात कुणीतरी शेळ्यांना हाका घालत होतं.
"सगळे अर्थ पाठ आहेत ना तुझे?"

दोरा अजून
नेढ्याच्या अलीकडेच होता.