कच्चा टाका

मेट्रो पिडहॉर्नी दर गुरुवारी हरायचा
आणि दर गुरुवारी मीच मोजायचो:
एक, दोन...
तिनाला माझा तळवा जरा उशिरा पडे.
तेवढी धाकधूक तिकिटात धरलेली असे.

सस्कॅचेवानातला जानेवारी.
हॉकीच्या बर्फावर फळ्या, फळ्यांवर रिंग.
खालून गारठा असा चढायचा
की चीतपट झालेल्या पाठीला
आधी थंडी कळायची, हार नंतर.

पोस्टरवर तो कॉम्रेड ग्रोम, मॉस्कोचा राक्षस.
जन्म कॅनोराजवळचा, धान्याच्या कोठाराच्या सावलीतला.
रशियन त्याला ओ की ठो येत नव्हतं.
माइकवर जे गुरगुरायचा
ती आईची बिटाच्या सूपाची कृती होती, युक्रेनीत.
पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघी म्हाताऱ्यांना कळायचं.
शिव्या देता देता त्या मध्येच ओरडायच्या,
'मेल्या, शेपू विसरलास!'

आईच्या वडिलांना
लाल ताराच टोपीवर लावलेल्या माणसांनी
एका पहाटे नेलं होतं,
जोडे घालायची उसंत न देता.
तोच तारा ती लेकाच्या झग्यावर शिवायची.
काही न बोलता. कच्च्या टाक्यांनी.
दर गुरुवारी तो उसवून लोंबायचा,
दर रविवारी चर्चहून आल्यावर
ती परत शिवायला बसायची,
कच्च्याच टाक्यांनी.
एरवी तिची शिलाई अशी
की कापड फाटेल, शिवण नाही.

हरण्याचे पंचवीस डॉलर, पेट्रोल वजा जाता.
'आपटणं कुणालाही येतं,' मेट्रो म्हणायचा,
'आपटून घेताना समोरच्याची मान सांभाळावी लागते.
पोरगं नवं आहे. बायको गरोदर आहे त्याची.'
मेलफोर्टला एका बाईने
टोपीची पिन त्याच्या मांडीत खुपसली.
गाडीत बसल्यावर पट्टी बांधता बांधता म्हणाला,
'आज काम बरं झालं.'

आमची एक खूण होती.
तो निपचित पडला की मी त्याचा हात हातात घ्यायचो,
लोकांना वाटायचं, नाडी बघतोय.
त्याने एकदा दाबला तर: ठीक आहे, चालू दे.
दाबलाच नाही तर: खरंच लागलंय, थांबव.

बावीस वर्षांत दोनदा थांबवलं.
एकदा प्रिन्स अल्बर्टला, मणका.
आणि एकदा, आईला पुरून तिसऱ्याच दिवशी,
लागलं कुठेच नव्हतं.

तारा त्या दिवसापासून त्याने स्वतः शिवला.
पक्का. निघेचना.

मग एका नाताळात टीव्हीवर
तो झेंडा उतरताना दिसला.
प्रमोटर क्रुकशँकचा फोन:
'तुझा देश बुडाला रे, मेट्रो.
फेटा बांधून बघ, सध्या शेख चालतात.'
मेट्रो हसला म्हणे. बराच वेळ हसला.
वसंतापासून शाळेची बस चालवायला लागला.
पोरं त्याला मिस्टर पी म्हणायची,
आणि कुणी बाकावर उड्या मारल्या
की तो आरशातून नुसता बघायचा.

झगा माझ्याकडे आहे.
तारा त्याने ब्लेडने काढला, कपाळ कापायच्या त्याच ब्लेडने.
खाली जुन्या टाक्यांची भोकं,
ताऱ्याच्याच आकाराची,
पण जरा वाकडी.
म्हातारीने मुद्दामच केलं असणार.

गेल्या नोव्हेंबरात यॉर्कटनचं इस्पितळ.
नर्सने विचारलं, 'तुमचं नातं काय?'
आता काय सांगणार?
म्हटलं, 'मी याला दोन हजार वेळा तरी मोजलंय.'
तिने वहीत 'मित्र' लिहिलं.

नळ्यांमधून वाट काढत मी हात धरला.
केवढा हात होता तो. अजूनही.
वाट बघितली.
मोजायची सवय आवरली.

त्याने दाबला. मग थांबून
पुन्हा दाबला.

दोनदा म्हणजे काय,
ते आमचं कधी ठरलंच नव्हतं.