लिटरला पस्तीस ग्रॅम

जलूदच्या पंपांवर एकतीस वर्षं नोकरी.
नर्मदा उचलायची, घाट चढवायची,
इंदुरात आणून नळाला लावायची.
खंबातच्या आखाताकडे निघालेली बाई,
आम्ही अर्ध्या वाटेत तिचा हात धरायचो.

निवृत्तीनंतर ही परतफेड समजा:
दोनशे ऐंशी लिटर गाळून घेतलं,
लिटरला पस्तीस ग्रॅम,
दहा किलोला थोडं कमी मीठ
बादलीबादलीने ढवळलं.
पोचली एकदाची.
सुदामानगर, दुसरा मजला,
टीव्हीच्या जागी.

दोन महिने नुसते खडक पाहिले.
समोरचा सोनी रोज विचारायचा, भिया, मछली किधर है?
म्हटलं, पाणी अजून शिजतंय.

मग छावणीत, हुजेफाभाईंच्या दुकानात.
मी वही काढली. पत्रिका बघायला बसल्यासारखे
ते चष्मा पुसून बसले.
पिवळा टँग? याला मैदान लागतं साहेब,
चार फुटांत वेडा होतो.
ट्रिगर? आधी झिंगे खाईल, मग तुमच्याकडे बघेल.
ही निळी डॅमसेल स्वस्त कशी?
सगळे परत आणून देतात म्हणून.
आणि मँडरिन,
महेश्वरीचा काठ अंगावर घेऊन तळाशी सरपटणारी,
तिच्यावर मात्र त्यांनी तळहातच ठेवला.
नव्या खडकावर तिच्या तोंडचं काही नसतं.
उपाशी मरते, आणि कळत नाही,
शेवटच्या दिवसापर्यंत सुंदरच दिसते.

वहीत उरले ते एवढे:
क्लाउनची जोडी. एक जांभळा-पिवळा ग्रामा.
एक फायरफिश, पाठीवर उभा तुरा, स्वभावाने ससा.
एक गोबी आणि त्याचा पिस्तूल-झिंगा.
झिंग्याला धड दिसत नाही, तो बीळ खोदतो,
गोबी दारात बसतो.
खोदताना झिंग्याची एक मिशी
सतत गोबीच्या शेपटीला टेकलेली.
याला काय म्हणतात, मी विचारलं.
भाडं, हुजेफाभाई म्हणाले.

निघताना त्यांनी क्रमही सांगितला होता.
भित्र्याला आधी सोडा, दांडग्याला शेवटी.
मी ग्रामाला आधी सोडलं. रंग आवडला म्हणून.
आठवड्यात डावीकडची कपार त्याची झाली,
मग मधला खडक, मग खडकासमोरचं पाणी.
फायरफिश आली
ती हीटरच्या मागे उभी राहिली. दोन दिवस.
तिसऱ्या सकाळी फरशीवर सापडली,
झाकणात बोटभर फट होती,
लाल काडीएवढी वाळलेली.
मला वाटलं, आधी उदबत्तीच पडलीय.

फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता.
मग: मारलं त्याने नाही साहेब, जागेने मारलं.
दुसरी देतो. पण सोडायच्या आधी
खडक हलवा. सगळे.
कुठला कोपरा कुणाचा, त्याला विसरू द्या.
मग सगळेच नवे.

शरयू गुरुवारी येते आहे देवासहून,
दोन ट्रंका आणि शिवणयंत्र घेऊन, कायमची.
मागे आली होती आठ दिवसांसाठी,
तिसऱ्या दिवशी गेली.
ओट्यापाशी कुकर कुठे ठेवायचा यावरून
मी काहीतरी बोललो होतो.
काय, ते आता आठवत नाही.
तिला आठवत असेल.

आज बाही वर करून बसलो.
एकेक खडक उचलला, फिरवला, उलटा लावला.
पाणी गढूळ झालं, क्लाउन कोपऱ्यात गेले,
ग्रामा आपली कपार शोधत
काचेवर येऊन माझ्याकडे बघत राहिला,
ओळख नसल्यासारखा.
गोबीचं बीळ तेवढं मोडलं नाही.

हात न पुसताच उठलो
आणि खिडकीतली आरामखुर्ची ओढली.
बावीस वर्षं तिथेच होती. जड निघाली.
खाली फरशीवर चार ठसे,
बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ.
कुठे ठेवायची ते ठरलं नाही,
सध्या दारातच अडकून आहे.
दोन्ही हातांवर, धरल्या जागी,
मीठ फुटलंय पांढरं.