भिंगरी

डंडीच्या या टेकडीवर सकाळी आठ वाजता
अजून पुरतं उजाडलेलं नसतं,
आणि मी चौदा जणांना
चौदा रेनकोटांत कोंबत असते.
अठ्ठावीस बूट. त्यातले सहा तरी उलट्या पायांत.
"शाला, माझी बोटं हरवली," हमदी सांगते,
मी मोज्यात हात घालून
एकेक शोधून देते.
माझं नाव शालन. शेवटचा न
इथे कुणाला लागत नाही.

आई म्हणायची, बस गं एका जागी,
पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?
विट्याच्या आमच्या शाळेत तेव्हा
हाताची घडी, तोंडावर बोट,
जो हलला नाही तो शहाणा.
मी कधीच शहाणी नव्हते.
आता मला तासाला बारा पौंड मिळतात
लोकांच्या लेकरांच्या पायांना
भिंगरी बांधून द्यायचे.

मैदान म्हणजे काय,
चार टायर, एक फळी,
कुणाच्या तरी बागेतून आलेला बीचचा ओंडका,
आणि चिखल. चिखल मात्र राजेशाही.
खाली टे नदी शिशासारखी पडलेली,
तिलाही वाटत असेल
कुणीतरी येऊन ढवळावं.

फर्गस आला तेव्हा साडेतीन वर्षांचा.
बाबागाडीतून यायचा, बाबागाडीतून जायचा,
मधला दिवस कुंपणाशी बसून काढायचा,
पाहुण्यासारखा, कोट न काढता.
पळणाऱ्यांकडे बघायचा,
आपण खिडकीतून
समोरच्यांच्या घरचं लग्न बघतो तसा.
बोलावलं की मान हलवायचा.
तेवढीच हालचाल.

कागदावर रकाने होते.
दोन्ही पायांनी उडी मारतो का?
एका पायावर उभा राहतो का?
मी लिहिलं, अजून नाही.
पेन्सिलीनं लिहिलं.
"ओढू नकोस त्याला," मॉर्व्हेन म्हणाली,
"तू खेळ."

मग गारा पडून गेल्यावर एका दुपारी
मी लंगडी घातली.
पन्नाशी उलटलेली बाई,
उजव्या गुडघ्यात गेल्या वर्षापासून वाळू.
ओंडक्याभोवती एक फेरी नीट झाली,
दुसरीत सपशेल चिखलात.
सगळे हसले. कशिमीर तर इतका
की त्याची चड्डी बदलावी लागली.
आणि फर्गस उठला.
मला उचलायला उठला तो.
हात पुढे केला त्यानं, मी धरला,
आणि माझ्या वजनानं
तोही आला खाली.

चिखलातून त्यानं माझ्याकडे पाहिलं,
आता रडायचं असतं का, ते
माझ्या तोंडावर वाचायला.
मी तिथे काहीच लिहून ठेवलं नव्हतं.
त्याचं त्यानंच ठरवलं.

त्यानंतर तो ओंडका.
आधी नुसता हात लावून आला.
मग पोटावर, सुरवंटासारखा.
मग गुडघे. मग एक दिवस वर उभा,
नाक गळतंय, हात पसरलेले,
कुणालाच हाक न मारता.
आणि एका मंगळवारी उडी.
केवढी? वीतभर म्हणा.
पण दोन्ही पाय एकदम सुटले जमिनीपासून,
खालून गवत दिसलं मला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
"सरक," हमदी म्हणाली, "माझी पाळी."

चारला अंधारतं.
त्याची आई येते, दवाखान्याच्या धुलाईघरातून,
दहा तास उभी राहून.
बस चुकली की पुढची चाळीस मिनिटांनी.
ती त्याला गाडीत बसवते, पट्टा लावते,
वर प्लास्टिकचं छप्पर ओढते.
मी तिला काय सांगणार?
माझ्याही पायांत आता
घरापर्यंतच जीव असतो.

पण आज छपराखाली
बूट थांबेनात.
दाण दाण दाण, पायटेकणीवर,
गाडी तिच्या हातात थरथरायला लागली.
"काय झालंय याच्या पायांना?" तिनं विचारलं.
मला तो शब्द त्यांच्या भाषेत येत नाही.
मी हवेत बोट धरून
गोल गोल फिरवलं.

ती बघत राहिली. उतारावर बस दिसली.
तिनं वाकून पट्टा सोडला,
त्याला खाली उतरवलं,
आणि दोघं पळाली.